दोन सेकंदांचा स्विच आणि पंधरा दिवसांचा सहवास

विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोळ नको. घरात दहा वर्षं जुना इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर आहे. दुकानदाराने त्याच्या तिप्पट किमतीचा नवा अॅम्प घरी वापरून बघायला दिला. पहिल्या रविवारी दोन्ही अॅम्प मित्राकडे नेले, त्याच्या स्विच-बॉक्सवर आलटून पालटून ऐकले, फरक कळला नाही. मग नवा अॅम्प पंधरा दिवस घरी लावला, रोज रात्री निवांत ऐकला. सोळाव्या दिवशी जुना परत जोडला तर आवाज 'मेल्यासारखा' वाटला. आता खरं कुठलं मानायचं, खटक्यासरशी बदलून ऐकलेलं की सवडीने ऐकलेलं?

मी पंचवीसेक वर्षं अॅम्प आणि स्पीकर दुरुस्त करतो, लोकांच्या घरी सिस्टिम बसवून देतो. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो, आणि येतो तोवर त्याला शैव-वैष्णव वादाचं रूप आलेलं असतं. एक पक्ष म्हणतो, स्विचवर फरक कळला नाही म्हणजे फरक नाहीच, बाकी मनाचे खेळ. दुसरा म्हणतो, संगीत काय दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून ऐकायची गोष्ट आहे का? दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण दोघे ज्या मुद्द्यावर भांडतात तो मुद्दा, म्हणजे वेळ किती दिला, हा मुळात दुय्यम आहे. तुमच्या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट सारखी होती: समोर कोणता डबा वाजतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि दुसरी गोष्ट माझा अंदाज म्हणून सांगतो, चुकला तर सांगा. दोन्ही वेळी आवाजाची पातळी कानानेच जुळवली होती. या दोन गोष्टी सुधारल्याशिवाय पंधरा सेकंद ऐका नाहीतर पंधरा महिने, उत्तर भरवशाचं येत नाही.

स्मरणशक्तीपासून सुरुवात करू, कारण पटापट बदलून ऐकण्याचा सगळा आधार तिथे आहे. कानावर पडलेल्या आवाजाची जशीच्या तशी छाप मनात काही सेकंदच टिकते. त्यानंतर उरतं ते आवाजाचं वर्णन: 'मोकळा होता', 'जरा बोचरा होता', 'तंबोरा मागे सरकल्यासारखा वाटला'. अॅम्प बंद करून, वायरी काढून, दुसरा जोडून, गाणं परत लावेपर्यंत पाच मिनिटं जातात. मग तुम्ही समोरच्या आवाजाची तुलना मागच्या आवाजाशी करत नसता, मागच्या आवाजाच्या वर्णनाशी करत असता. आणि ते वर्णन तुमच्याच डोक्यात तयार झालेलं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चांगला आहे: 'आईचा आवाज मी वीस वर्षांनी फोनवर सुद्धा ओळखेन, मग कानाची आठवण काही सेकंदांचीच कशी?' अहो, त्या फोनचाच विचार करा. जुन्या लँडलाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. आईच्या आवाजातला खालचा खर्ज गेला, वरचे शीत्कार गेले, तरी 'हॅलो' म्हटल्या क्षणी ती ओळखू यायची. म्हणजे लांब पल्ल्याची आठवण 'कोण आहे' हे पक्कं धरून ठेवते आणि 'किती हुबेहूब आहे' हे खुशाल सोडून देते. आपल्याला अॅम्पमध्ये तर नेमकी हुबेहूबपणाची तुलना करायची असते. वरच्या पट्टीत अर्ध्या डेसिबलचा फरक, मंद आवाजात किंचित खरखर, असल्या गोष्टी. त्या आठवणीत मावत नाहीत.

म्हणून ध्वनिशास्त्रातले लोक फार आधीपासून लगेच बदलून ऐकण्याकडे वळले. 1950 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधनशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी अशी एक पद्धत मांडली. घरगुती हायफायच्या जगात ती आली 1977 च्या सुमाराला. अमेरिकेत मिशिगनमधल्या हौशी मंडळींनी (डेव्हिड क्लार्क, आर्नी क्रूगर वगैरे) रिले (विजेवर चालणारे खटके) लावून एक पेटी केली. एका बटणाला ए, दुसऱ्याला बी, तिसऱ्याला एक्स. एक्स म्हणजे ए किंवा बी यांच्यापैकीच एक, पण कोणतं ते पेटी स्वतः चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवते आणि शेवटपर्यंत सांगत नाही. ऐकणाऱ्याने हवं तितक्या वेळा, हवं तितका वेळ तिन्ही ऐकायचे आणि एक्स कोण ते लिहायचं. क्लार्कने 1982 मध्ये त्यावर रीतसर लेख लिहिला आणि 'एबीएक्स' हे नाव रूढ झालं. यातलं 'हवं तितका वेळ' लोक विसरतात. एबीएक्समध्ये ए अर्धा तास ऐका, मग चहा घ्या, मग बी अर्धा तास ऐका, कुणाची ना नाही. फक्त तसं केलं की गुण घसरतात, हे करून बघितलेल्या प्रत्येकाला कळतं.

गुणांवरून आठवलं. दहापैकी सात बरोबर आले की माणूस उड्या मारतो. नुसतं नाणं उडवून दहापैकी सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 17 टक्के आहे. म्हणजे दर सहा माणसांमागे एक जण काही न ऐकताच तुमच्याइतके गुण घेईल. म्हणून मी 16 फेऱ्या करायला सांगतो. 16 पैकी 12 किंवा जास्त बरोबर असतील तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता 4 टक्क्यांच्या आत येते. 16 फेऱ्या एका बैठकीत करू नका. वीस मिनिटांनी कान आंबतात, मग एक्स काय, वायही सारखाच वाटतो.

आता पातळी. सगळ्यात जास्त माती इथे खाल्ली जाते, म्हणून जरा सविस्तर. दोन आवाजांतला एक अर्ध्या डेसिबलने मोठा असेल तर तो 'मोठा' वाटत नाही, तो 'चांगला' वाटतो: भरीव, तपशीलवार, जिवंत. कानाने जुळवून एवढी बारकाई साधत नाही. डॅकचंच घ्या (डिजिटल आकड्यांचा अॅम्पला चालणारा सिग्नल करणारी पेटी), एकाचा आउटपुट 2 व्होल्ट, दुसऱ्याचा 2.5. माहितीपत्रकात हा फरक कुणी वाचतही नाही, पण तो जवळजवळ 2 डेसिबल होतो. महागडा डॅक 'पडदा उचलल्यासारखा' वाटला म्हणून सांगणारे मला जे भेटले, त्यातल्या बऱ्याच जणांचा पडदा त्या अर्ध्या व्होल्टने उचलला होता.

करायचं असं. टोन जनरेटरचं अॅप किंवा एखादी टेस्ट फाइल घ्या, साधारण 100 ते 200 हर्ट्झचा एकसुरी आवाज लावा. 1000 हर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट तिथे नीट मोजेलच असं नाही. ते 50 हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेले असतात. मल्टिमीटर एसीवर ठेवून त्याच्या काड्या स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर लावा, अॅम्पच्या नाही. स्पीकर जोडलेलाच हवा. पहिल्या अॅम्पचा व्हॉल्यूम फिरवत 2.00 व्होल्ट आणा. दुसऱ्यावर स्विच करा, तिथेही 2.00 आणा. 2.02 आलं तरी चालेल, तो 0.1 डेसिबलच्या आतला फरक आहे. 2.10 आलं तर 0.4 डेसिबल झाले, परत जुळवा. डावी बाजू झाली की उजवी बघा. जुन्या व्हॉल्यूम पॉटमध्ये (फिरवायच्या बटणामागच्या भागात) डावं-उजवं सारखं नसतं, विशेषतः खालच्या टप्प्यात, आणि हा फरकही 'स्टेज रुंद झालं', म्हणजे आवाज जास्त पसरला, म्हणून खपतो. जुळलं की दोन्ही व्हॉल्यूमवर चिकटपट्टी लावा. खरंच लावा. कुणीतरी येऊन हात लावतंच.

नावं झाकायला, म्हणजे कोणता अॅम्प वाजतोय ते लपवायला, दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या रिले घालून एक पेटी केली आहे. स्पीकरच्या दोन्ही वायरी, म्हणजे प्लस आणि मायनस दोन्ही, बदलणारी. हे सांगायचं कारण: बऱ्याच अॅम्पमध्ये मायनस टर्मिनल जमिनीला जोडलेलं नसतं, ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे त्यावरही सिग्नल असतो. फक्त प्लस बदलणारा स्विच वापरून दोन अॅम्पचे मायनस एकत्र केलेत तर तुलना राहील बाजूला, आउटपुट ट्रान्झिस्टर विकत घ्यावे लागतील. आणि काहीही झालं तरी दोन अॅम्पचे आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत.

नाव माहीत असलं की काय होतं, त्याची माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक नवा डॅक घरी आणला. पंधरवडाभर ऐकला. वहीत नोंदी आहेत अजून: 'तबल्याच्या शाईचा आवाज पहिल्यांदा वेगळा कळला', 'सतारीच्या तरफा झुळझुळीत', असं पानभर. मग एक दिवस धूळ पुसायला मागून बघतो, तर अॅम्पचा इनपुट सिलेक्टर जुन्या सीडी प्लेअरवर. त्याच प्लेअरमधून सीडीचा डिजिटल आउटपुट नव्या डॅकला जात होता, डॅकचा दिवा लागत होता, आकडे दाखवत होता, सगळं यथासांग. पण ऐकू येत होता तो प्लेअरचा स्वतःचा अॅनलॉग आउटपुट. पंधरा दिवस मी जुन्या आवाजाला नव्याचं श्रेय देत होतो. त्या तरफा झुळझुळीत होत्या हे खोटं नव्हतं, मी खरंच लक्ष देऊन ऐकत होतो म्हणून त्या ऐकू आल्या. नवी वस्तू आणली की आपण लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष दिलं की जुन्या रेकॉर्डमध्येही नवं सापडतं. सवडीने ऐकण्यातला बराचसा आनंद हाच असतो. तो खरा आहे, फक्त तो डॅकच्या नावावर जमा करू नये.

'पण सवडीने, ताण न घेता, घरी ऐकलं की बारीक फरक कळतात, परीक्षेच्या तणावात नाही,' असं म्हणणाऱ्यांसाठी मिशिगनच्याच मंडळींचा एक प्रयोग आहे, क्लार्कने 1991 च्या लेखात तो नोंदवला आहे. काळ्या, बंद पेट्या बनवल्या. काही पेट्या नुसत्या आरपार, काहींच्या आत अडीच टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) मुद्दाम घालणारं सर्किट. अडीच टक्के म्हणजे अॅम्पच्या हिशेबात भयंकर आहे. बरा अॅम्प 0.05 च्या खाली असतो. त्या पेट्या हौशी श्रोत्यांनी घरी नेल्या, आपल्या सिस्टिमवर, आपल्या खुर्चीत, आपल्या संगीतावर हवं तितके दिवस ऐकल्या. कोणाच्या पेटीत ते सर्किट आहे हे त्यांना सांगता आलं नाही, निकाल नाणं उडवल्यासारखा आला. तेच सर्किट एबीएक्स पेटीवर एका बैठकीत पकडलं गेलं. ताण कुणाला जास्त होता ते तुम्हीच ठरवा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा गृहस्थ स्विचवाला आहे. थांबा.

1990 च्या आसपास स्वीडिश रेडिओने डिजिटल प्रसारणासाठी आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकच्या चाचण्या घेतल्या. 60 तयार कानांचे श्रोते, नावं झाकलेली, मूळ आवाज शेजारी, जवळपास 20,000 निवाडे. एक कोडेक पास झाला. मग त्यातून काढलेली टेप अमेरिकेत बार्ट लोकांथी नावाच्या इंजिनिअरकडे गेली. स्पीकर आणि अॅम्पच्या धंद्यात मुरलेला माणूस. त्याने ऐकलं आणि सांगितलं, 1.5 किलोहर्ट्झच्या आसपास एक बारीक सूर आहे, मूळ संगीतात नसलेला. कळवल्यावर स्वीडनच्या लोकांनी परत ऐकलं, तर त्यांनाही ऐकू आला. 20,000 वेळा जो निसटला तो एकदा बोट दाखवल्यावर सगळ्यांना दिसला.

स्विचपक्षाला ही गोष्ट आवडत नाही, पण ती टाळून चालणार नाही. लगेच बदलून ऐकण्याची पद्धत अतिशय तीक्ष्ण आहे, पण तुम्ही ज्या दिशेला बघाल त्याच दिशेला ती तीक्ष्ण. काय शोधायचं हेच माहीत नसेल तर हातात सूक्ष्मदर्शक असून काच चुकीच्या जागी धरल्यासारखं होतं. आणि काय शोधायचं हे कळतं ते बहुतेक वेळा निवांत ऐकताना, दुसरं काही करताना, कधीकधी चिडचिड होऊन. म्हणूनच रेडिओवाल्यांसाठी पुढे जे आंतरराष्ट्रीय नियम आले, आयटीयू या दूरसंचार संघटनेचा बीएस.1116, त्यात चाचणीआधी श्रोत्यांना दोष ओळखायला शिकवण्याचा टप्पा सक्तीचा आहे. कान उघडे असून भागत नाही, तयार करावे लागतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराशेजारी बसा एकदा. घोडी (तारेखालची पट्टी) एक-दोन घास घासायची, तार छेडायची, परत घासायची. प्रत्येक घासानंतर तो जे ऐकतो ते आपल्याला पहिल्या तासात ऐकूच येत नाही. दुसऱ्या दिवशी थोडं येतं. तुलना तो पटापटच करतो, पण ऐकायचं काय हे कळायला त्याला उमेदवारी करावी लागली आहे.

माझ्याच टेबलावरची गोष्ट. एक गृहस्थ अॅम्प घेऊन आले, म्हणाले, मला काही वाटत नाही पण हिची तक्रार आहे. वहिनी बरोबर होत्या. त्यांचं म्हणणं असं: 'संध्याकाळी ठीक असतं. रात्री जेवणं झाली, मुलं झोपली की हळू आवाजात आलाप लावते, तेव्हा सूर लांबला की त्याला कुसळं फुटतात.' मी शहाणपणा करून दुकानातल्या अॅम्पशी स्विच करून दाखवलं. दुपारची वेळ, अॅम्प नुकताच चालू केलेला, आवाज बऱ्यापैकी मोठा. काही फरक नाही. ते दोघं गेले आणि आठवड्याने परत आले. वहिनी म्हणाल्या, 'तुमच्याकडे नाही होत, माझ्याकडे होतं.' त्या वाक्याने मला लाजवलं.

मग अॅम्प ठेवून घेतला, तसाच दीड तास वाजू दिला. थंड असताना आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर 20 मिलिव्होल्ट होते, दोन्ही बाजूंना. दीड तासाने उजवीकडे 20 च्या आसपास, डावीकडे जेमतेम 2. बायस म्हणजे ट्रान्झिस्टरना सतत जागं ठेवणारा थोडासा प्रवाह; तो जुळवायचा प्रिसेट गरम झाला की सरकत होता. बायस पडला की एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे सूर सोपवताना मध्ये फट राहते. त्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्याची गंमत अशी की मोठ्या आवाजात ते झाकलं जातं, मंद आवाजात उघडं पडतं. वहिनींची 'कुसळं' हे त्या दोषाचं मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं वर्णन आहे. आता काय ऐकायचं ते माहीत होतं, म्हणून गरम अॅम्प आणि दुसरा चांगला अॅम्प स्विचवर लावला, पातळी अगदी खाली ठेवली, एकच लांबवलेला षड्ज फिरवत राहिलो. माझ्या दुकानातल्या पोराने सोळापैकी सोळा ओळखले, नावं झाकून.

तर दोन पद्धतींची वाटणी माझ्या डोक्यात अशी आहे. संशय घ्यायचा सवडीने, सिद्ध करायचा स्विचवर. पंधरा दिवसांत जे जाणवलं ते निकाल म्हणून लिहू नका, तक्रार म्हणून लिहा, आणि वहिनींसारखी नेमकी लिहा: कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, आवाज किती होता, चालू करून किती वेळ झाला होता. 'मेल्यासारखा' यावर मला काही करता येत नाही. 'मंद आवाजात डावीकडचा तबला मागे जातो' यावर करता येतं.

तुमच्या 'मेल्यासारखा' वाटण्याचं एक साधं कारण सवय हे असू शकतं. गावी महिनाभर विहिरीचं पाणी प्यायलं की पुण्यात आल्यावर पहिले दोन दिवस नळाचं पाणी विचित्र लागतं. दोन दिवसांनी लागत नाही, पाणी तेच असतं. कानही तसाच रुळतो. पंधरा दिवस एका आवाजात राहिलात की तो शून्य धरून बाकी सगळं मोजलं जातं. म्हणून उलट प्रयोग करून बघायला हवा होता: जुना पंधरा दिवस, मग नवा. फार थोडे लोक हा करतात, कारण पंधरा दिवसांनी नवा अॅम्प दुकानात परत द्यायचा असतो. मुदत पंधरा दिवसांची असते यामागे दुकानदाराचा काही विचार असेल असं मी म्हणत नाही, पण ती त्याच्या फायद्याची पडते खरी. 'स्पीकर मोकळा व्हायला दोनशे तास लागतात' या सल्ल्याबद्दलही माझा असाच संशय आहे. स्पीकरच्या पडद्याला धरून ठेवणारं सस्पेन्शन सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं, पण दोनशे तासांत जास्त सैल होतो तो आपला कान.

सवडीने आणि तरीही प्रामाणिकपणे ऐकायचं असेल तर त्याचीही रीत आहे. दोन्ही अॅम्प कपाटात, दाराआड ठेवा, दोन्ही चालू, पातळी जुळवलेली, रिमोट फक्त प्लेअरचा. घरातल्या कुणाला तरी रोज सकाळी नाणं उडवून स्विच ठेवायला सांगा आणि त्यांच्या वहीत लिहायला सांगा. तुम्ही तुमच्या वहीत रोज रात्री एवढंच लिहा: आज किती वेळ ऐकलं, आवडलं का, नवा होता की जुना. महिन्याने दोन वह्या शेजारी ठेवा. यात अडचण एकच, फेऱ्या हळूहळू जमतात. दर आठवड्याला बदल केलात तर 16 फेऱ्यांना चार महिने लागतील, रोज केलात तर सोळा दिवस. माझ्या ओळखीत दोघांनीच हे शेवटपर्यंत केलं. एकाचा निकाल आठ-आठ लागला आणि त्याने तरीही नवा अॅम्प घेतला, दिसायला आवडला म्हणून. मला त्यात काही गैर वाटत नाही. दिवाणखान्यात वीस वर्षं राहणारी वस्तू आहे, डोळ्यांना आवडली तर बिघडलं कुठे? फक्त कारण खरं सांगावं.

स्पीकरची गोष्ट वेगळी, तिथे फरक खरे आणि मोठे असतात. पण तिथे जागेचा घोटाळा आहे. एक जोडी भिंतीपासून एक फूट, दुसरी तिच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुम्ही स्पीकरपेक्षा खोलीतले कोपरेच जास्त ऐकता, निदान खालच्या सुरांत तरी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हर्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत यासाठी सरकते ओटेच बसवले. पडद्यामागे काही सेकंदांत एक स्पीकर बाजूला जातो आणि दुसरा नेमक्या त्याच जागी येतो. 1994 मध्ये त्यांनी 40 जणांना चार स्पीकर आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. दिसायला लागल्यावर स्वस्त, छोट्या संचाचे गुण घसरले, मोठ्या देखण्या पेट्यांचे वाढले, आणि झाकलेलं असताना जागा बदलल्याने जे फरक लोकांना स्पष्ट कळत होते ते दिसू लागल्यावर जवळजवळ गायब झाले. डोळे उघडले की कान कामावरून सुट्टी घेतात, एवढाच याचा अर्थ. घरी ओटे कुठून आणणार? जमिनीवर खडूने चौकोन आखा, दोन माणसं लावा, अर्ध्या मिनिटात अदलाबदल होते. एवढं अंतर स्पीकरच्या फरकांना चालून जातं.

डॅक आणि फाइल्सबद्दल लांबण लावत नाही. कॉम्प्युटरवर फूबार2000 या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये एबीएक्सची सोय फुकट मिळते, एमपी3 आणि मूळ फाइल एका संध्याकाळी स्वतःच तपासा. भजनातले टाळ किंवा द्रुत तबला घ्या. टोकदार ठोक्याच्या आधी येणारी फिसफिस कमी बिटरेटला लगेच पकडता येते. हायरेझ (सीडीपेक्षा जास्त तपशील साठवणारं रेकॉर्डिंग) आणि सीडी यांच्याबाबतीत मेयर आणि मोरान यांनी बॉस्टनला वर्षभर चाचण्या घेऊन 2007 मध्ये निकाल छापला: 554 पैकी 276 बरोबर, म्हणजे नाणंच. त्यांनी वापरलेल्या काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच खऱ्या अर्थाने हायरेझ नव्हतं असा आक्षेप नंतर आला, आणि तो मला रास्त वाटतो. वायरींबद्दल मला विचारू नका, मी वायरी विकतो.

आता तुमच्या अॅम्पकडे येतो, कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपतेय. तुमचे दोन अनुभव एकमेकांविरुद्ध जातात असं तुम्ही धरलंय. ते दोन्ही खरे असू शकतात. मित्राकडे रविवारी दुपारी ऐकलंत, चार माणसं बसलेली, आवाज नक्कीच मोठा असणार. घरी रात्री ऐकता, म्हणजे मंद. आणि परत जोडला तेव्हा जुना अॅम्प पंधरा दिवस न वापरता पडून होता. दहा वर्षं जुन्या अॅम्पमध्ये स्पीकर चालू-बंद करणारी रिले असते, अॅम्प सुरू केल्यावर पाच-सात सेकंदांनी 'टक्' वाजते ती. तिचे संपर्क काळे पडतात. मंद आवाजात त्यातून विद्युतप्रवाह नीट जात नाही, एक बाजू दबते, आवाज धुरकट आणि थकलेला येतो. तोच आवाज जरा चढवला की संपर्क साफ झाल्यासारखे चालतात आणि सगळं ठणठणीत. स्विचवर मोठ्या आवाजात फरक का नव्हता आणि घरी का होता, याचं हे मला सगळ्यात सरळ उत्तर दिसतं.

तपासायला काही लागत नाही. आज रात्री जुना अॅम्प नेहमीच्या मंद आवाजावर लावा, मोनो रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, आणि आवाज बरोबर मधोमध येतो का बघा. एका बाजूला झुकला तर दोन-तीन सेकंद व्हॉल्यूम चांगला वर नेऊन परत खाली आणा. मध्यावर आला तर रिले गेली. काहीशे रुपयांची वस्तू आहे, अर्ध्या तासाचं काम. फक्त घासायला पॉलिश पेपर लावू देऊ नका कुणाला, मुलामा निघून जातो, नवीच टाका. ती टाकल्यावर दोन्ही अॅम्प, 2.00 व्होल्ट, चिकटपट्टी, सोळा फेऱ्या, मंद आवाजात. किती आले ते कळवा.